लेसोथो : धान्याच्या कोठारापासून खाणीच्या दारापर्यंत

दक्षिण आफ्रिकेच्या पोटात, चारी बाजूंनी त्याच एका देशाने वेढलेला लेसोथो हा देश ३०,३५५ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, म्हणजे पुणे आणि सोलापूर हे दोन जिल्हे एकत्र केले तर होतील साधारण तेवढा असून, २०१६ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या वीस लाखांच्या किंचित वर भरली. या देशातील सर्वांत सखल जागाही समुद्रसपाटीपासून १,४०० मीटर उंच आहे. राजधानी मासेरू जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर वसलेली आहे, आणि तिच्या पूर्वेला मालोटी पर्वताच्या रांगा चढत चढत ३,४०० मीटरांच्या पलीकडे जातात. लागवडीला योग्य जमीन एकूण क्षेत्राच्या दहाव्या भागाच्या आसपास आहे आणि तीही बहुतेक पश्चिमेच्या अरुंद पट्टीत, मोहोकारे नदीच्या काठाने पसरलेली आहे. इंग्रजी नकाशांत कॅलेडन म्हटली जाणारी ही नदीच देशाची पश्चिम सीमा होय. नदीच्या पलीकडच्या काठावर गहू आणि मका पिकवणारी विस्तीर्ण सपाट शेते दिसतात, ती दक्षिण आफ्रिकेची.

लेसोथोच्या दारिद्र्याचे कारण विचारले असता डोंगराळ भूमी, थंडी, दुष्काळ आणि वाहून गेलेली माती अशी उत्तरे सहज मिळतात. ती खोटी नाहीत. परंतु १८७० च्या दशकात हाच देश शेजारच्या वसाहतींना धान्य विकत होता आणि त्या वेळीही डोंगर तेथेच होते, ही गोष्ट त्या उत्तरांत बसत नाही. ज्या देशाची पोती परमुलखात जात होती, त्याचे तरुण पुरुष साठएक वर्षांत परमुलखात जाऊ लागले आणि पोती उलट दिशेने येऊ लागली. हा फेरा निसर्गाने घातलेला नाही. तह, कर, रेल्वे, जकात आणि खाणमालकांची भरती यांनी मिळून तो घातला, आणि त्यातील प्रत्येक गोष्टीला तारीख आहे.

येथील लोकांना बासोथो, त्यांच्यापैकी एकाला मोसोथो, त्यांच्या भाषेला सेसोथो आणि देशाला लेसोथो म्हणतात. स्थानिक उच्चार ‘लेसुटू’च्या जवळचा आहे आणि त्यावरूनच ब्रिटिशांनी या मुलखाला बासुटोलँड हे नाव दिले. बासोथो हा एका वंशाचा समूह नाही. १८२० च्या दशकात आग्नेय आफ्रिकेत युद्धांची आणि पळापळीची जी लाट उठली, तिला सेसोथोत लिफाकाने म्हणतात. त्या लाटेत शेती बुडाली, गुरे लुटली गेली, माणसे देशोधडीला लागली आणि भुकेने काही टोळ्या नरभक्षणापर्यंत पोचल्या. मोश्वेश्वे हा अशा काळातला एका लहान घराण्यातील नायक होता. १८२४ मध्ये आपली माणसे आणि गुरे घेऊन तो थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या, कड्यांनी वेढलेल्या डोंगरावर आला. ‘रात्रीचा डोंगर’ असा या नावाचा अर्थ आहे. माथ्यावर पाण्याचे झरे आणि गुरांना चारा होता, आणि वर चढण्याच्या वाटा थोड्या असल्याने त्या मोजक्या माणसांनी राखता येत. पुढील चाळीस वर्षांत हा डोंगर जिंकायला न्ग्वाने आले, न्देबेले आले, ब्रिटिश आले आणि बोअर आले. तो कोणालाही जिंकता आला नाही.

मोश्वेश्वेचे राज्य मात्र डोंगरापेक्षा गुरांवर अधिक उभे होते. ‘माफिसा’ नावाच्या प्रथेनुसार ज्याच्याकडे गुरे अधिक असतील तो ती दुसऱ्याच्या हवाली करी. सांभाळणाऱ्याने दूध घ्यावे, नांगराला जुंपावे, कधी वासरांतून वाटा घ्यावा, पण मालकी मूळ धन्याची राहावी, असा हा व्यवहार होता. युद्धात सर्वस्व गमावून आलेल्या माणसाला मोश्वेश्वे गुरे देई आणि राहायला जागा देई, आणि त्या एका व्यवहारातून निर्वासिताचा प्रजाजन होई. न्देबेले सैन्य हल्ला फसल्यावर परत निघाले तेव्हा वाटेत खायला म्हणून त्याने त्यांच्या मागे पुष्ट बैल पाठवले. स्वतःच्या आजोबांना मारून खाणाऱ्या टोळीलाही त्याने दंड न करता वसवून घेतले, असे बासोथोंची परंपरा सांगते. दक्षिण आफ्रिकेच्या एकोणिसाव्या शतकात तलवारीने राज्ये उभी करणारे अनेक झाले. हरलेल्यांना गोळा करून राष्ट्र उभे करणारा मोश्वेश्वेच्या तोडीचा दुसरा राजा शोधावा लागेल.

या समाजात जमीन कोणाच्या मालकीची नव्हती. ती राष्ट्राची, राजा तिचा विश्वस्त आणि गावचा नायक वाटप करणारा. लग्न झालेल्या पुरुषाला शेते मिळत, रिवाजाने साधारण तीन, आणि कापणी झाली की सगळ्यांच्या शेतांत सगळ्यांची गुरे चरायला मोकळी असत. नांगरणीला किंवा खुरपणीला शेजारी बोलवायचे, दिवसभर काम करायचे आणि यजमानाने ज्वारीचे आंबवलेले पेय व जेवण द्यायचे, ही ‘लेत्सेमा’ची चाल आपल्याकडच्या इर्जिकेसारखीच होती. धान्य ठेवायला गवत वळून विणलेली माणसाच्या उंचीची कणगी असे, तिला ‘सेसिऊ’ म्हणत. घराच्या अंगणात अशा किती कणग्या उभ्या आहेत यावर घराची ऐपत समजे.

१८३३ मध्ये पॅरिसच्या प्रॉटेस्टंट मिशनचे तीन तरुण फ्रेंच धर्मोपदेशक, यूजेन कासालिस, तोमा आर्बूसे आणि कॉन्स्तां गोसलँ, मोश्वेश्वेच्या निमंत्रणावरून आले आणि त्यांनी मोरिजा हे केंद्र वसवले. राजा स्वतः बाप्तिस्मा न घेता मरण पावला, परंतु या पाहुण्यांचा उपयोग त्याने पुरेपूर केला. कासालिसच्या हातून ब्रिटिश गव्हर्नरांना पत्रे जात. गहू, फळझाडे, डुकरे, घोडे आणि मेंढ्या यांचा प्रसार झाला. शाळा निघाल्या, सेसोथो लिहिली जाऊ लागली आणि १८६३ मध्ये मोरिजाच्या छापखान्यातून ‘लेसेलिन्याना ला लेसोथो’ हे सेसोथो वृत्तपत्र निघाले. पुढे थॉमस मोफोलो या मोसोथो लेखकाच्या ‘चाका’ कादंबरीने, जी १९२५ मध्ये याच मोरिजाहून प्रसिद्ध झाली, आफ्रिकी भाषांतील आधुनिक साहित्यात मानाचे स्थान मिळवले. साक्षरतेची ही जुनी परंपरा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे ‘मागासलेला समाज’ म्हणून ज्यांची वर्णने झाली ते हेच लोक होते.

संकट आले ते पश्चिमेकडून. १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केप वसाहतीतून निघालेले बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी, बैलगाड्यांचे तांडे घेऊन मोहोकारेच्या खोऱ्यात शिरले. आरंभी त्यांनी चराईची परवानगी मागितली आणि मोश्वेश्वेने ती दिली. बासोथो रिवाजात वापरायला दिलेली जमीन दिलेली राहत नसे, बोअरांच्या लेखी मात्र जेथे घर बांधले ती जमीन आपली होई. दोन निराळ्या कायद्यांची ही गाठ पुढील तीस वर्षे रक्ताने सोडवली गेली. १८४३ मध्ये ब्रिटिशांनी नेपियर तहाने मोश्वेश्वेचा बराच मुलूख मान्य केला. १८४९ मध्ये मेजर वॉर्डनने आखलेल्या सीमारेषेने त्यातील मोठा भाग काढून घेतला. १८५४ मध्ये ब्रिटिशांनी अंग काढून घेतल्यावर बोअरांचे ऑरेंज फ्री स्टेट हे प्रजासत्ताक स्थापन झाले आणि बासोथोंना त्यांच्याशी एकट्याने सामना करावा लागला. १८५८ चे युद्ध बासोथोंनी निभावले. १८६५ मध्ये सुरू झालेल्या युद्धात मात्र बोअरांनी उभी पिके जाळण्याचा आणि कणग्या लुटण्याचा मार्ग धरला. थाबा बोसिऊवर चढताना त्यांचा सेनानी लोऊ वेपेनर मारला गेला, डोंगर पडला नाही. पण डोंगराखालचे लोक उपाशी पडले आणि १८६६ चा तह भुकेपोटी करावा लागला. या तहाने मोहोकारेपलीकडची आणि अलीकडचीही उत्तम शेतजमीन बोअरांकडे गेली.

वृद्ध झालेल्या मोश्वेश्वेने ब्रिटनच्या राणीचे संरक्षण पुन्हा पुन्हा मागितले, आणि अखेर १२ मार्च १८६८ रोजी गव्हर्नर फिलिप वोडहाउसने बासुटोलँड ब्रिटिश मुलूख म्हणून जाहीर केला. पुढच्या वर्षी अलिवाल नॉर्थ येथे ब्रिटिश आणि बोअर यांच्यात करार झाला, ज्यात नदीच्या अलीकडचा काही भाग परत मिळाला आणि पलीकडचे सुपीक खोरे कायमचे गेले. ज्यांच्या जमिनीचा हा सौदा होता त्या बासोथोंना त्या मेजावर स्थान नव्हते. ११ मार्च १८७० रोजी मोश्वेश्वे वारला. राज्य टिकले, परंतु त्याचे कोठार नदीच्या पलीकडे राहिले.

असे असूनही पुढील पंधरा वर्षांत बासोथो शेतीने जी उभारी घेतली ती थक्क करणारी आहे. पश्चिमेला किंबर्ली येथे हिऱ्यांच्या खाणी निघाल्या, ओसाड माळावर एकाएकी हजारो माणसांचे शहर उभे राहिले आणि त्या शहराला धान्य हवे होते. बासोथोंनी ही संधी अचूक हेरली. १८७३ च्या सुमारास एका वर्षात एक लाखाहून अधिक पोती गहू, मका आणि ज्वारी देशाबाहेर विकली गेली. लोकरही जाऊ लागली. लोखंडी नांगर आले : १८७५ मध्ये देशभरात तीन हजारांच्या आत असलेली त्यांची संख्या १८९१ पर्यंत दहा हजारांच्या वर गेली. पूर्वी कुदळीने बायका करीत असलेली शेती बैल जुंपल्याने पुरुषांकडे सरकली. लोकसंख्या १८७५ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास होती. तरुण किंबर्लीला कामालाही जात, पण थोड्या महिन्यांसाठी आणि स्वतःच्या हेतूने जात. सर्वांत मोठा हेतू बंदूक विकत घेणे हा होता, आणि बोअर युद्धाची आठवण ताजी असलेल्या समाजात तो समजण्यासारखा आहे.

त्या बंदुका लवकरच कामी आल्या. १८७१ मध्ये बासोथोंना न विचारता बासुटोलँड केप वसाहतीला जोडला गेला होता, आणि केप सरकारने १८८० मध्ये त्यांना शस्त्रे खाली ठेवण्याचा हुकूम सोडला. मोश्वेश्वेचा मुलगा मासुफा आणि नातू लेरोथोली यांनी तो मोडला, डोंगरी घोड्यांवरून लढणाऱ्या बासोथो स्वारांनी वसाहतीच्या फौजेला जेरीस आणले, आणि १८८१ मध्ये बंदुका परवाना घेऊन जवळ ठेवण्याच्या अटीवर तडजोड झाली. खर्चाने वाकलेल्या केप सरकारने १८८४ मध्ये हा मुलूख थेट ब्रिटिश सरकारच्या हवाली केला. ‘बंदूक युद्ध’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लढ्याचे फळ दूरगामी ठरले : १९१० मध्ये वसाहती एकत्र येऊन दक्षिण आफ्रिका संघ झाला तेव्हा बासुटोलँड त्यात नव्हता, आणि तेथे गोऱ्यांना जमीन विकत घेता येत नव्हती. पुढे वर्णद्वेषी राजवटीने शेजारी जे केले ते लक्षात घेता, या एका लढ्याने बासोथोंच्या चार पिढ्यांना वाचवले असे म्हणणे वावगे होणार नाही.

परंतु राजकीय सीमा वाचली तरी पैशाला ती सीमा नव्हती. १८८५ मध्ये केपची रेल्वे किंबर्लीला पोचली आणि आगगाडीने अमेरिकेचे व ऑस्ट्रेलियाचे धान्य बंदरातून थेट खाणीवर येऊ लागले. बासोथोंचे धान्य बैलगाडीने डोंगर उतरून जात असे. या स्पर्धेत त्याचा टिकाव लागणे कठीण होते. बोअर प्रजासत्ताकांनी आपल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या हितासाठी जकाती बसवल्या. दुसरीकडे झोपडीकर, म्हणजे प्रत्येक झोपडीमागे, अर्थात प्रत्येक पत्नीच्या घरामागे, वर्षाला दहा शिलिंग, ब्रिटिश अंमलाच्या आरंभापासूनच चालू होता, तो पुढे वाढत गेला आणि तो रोकड्यातच भरावा लागे. धान्य विकून कर भरता येईनासा झाला, तेव्हा विकायला उरले ते अंगातील बळ. १८८६ मध्ये विटवॉटर्सरांड येथे सोने सापडले होते आणि जोहान्सबर्ग या नव्या शहराच्या खाणींना माणसे हवी होती. त्यात १८९६-९७ मध्ये बुळकांडीची साथ आली. या रोगाने दक्षिण आफ्रिकेत गुरांचे कळपच्या कळप मेले आणि बासोथोंचे नांगर ओढणारे बैल, लग्नात द्यायची गुरे, दुष्काळातील शेवटचा आधार, सगळे एका हंगामात गेले.

जमीन तेवढीच राहिली आणि माणसे वाढत होती. १९०४ मध्ये लोकसंख्या साडेतीन लाखांच्या जवळ गेली. तीस वर्षांत ती जवळजवळ तिप्पट झाली होती. ही वाढ केवळ जन्मांची नव्हती. फ्री स्टेटमधील गोऱ्यांच्या शेतांवर वाट्याने राबणारी सोथो कुटुंबे सतत नदी ओलांडून येत होती, आणि १९१३ च्या जमीन कायद्याने दक्षिण आफ्रिकेतील काळ्या माणसांना राखीव प्रदेशाबाहेर जमीन घेणे वा वाट्याने कसणे अशक्य केल्यावर हा ओघ वाढला. ज्यांची जमीन गेली ते उरलेल्या जमिनीवर येऊन बसले. सखल पट्टी भरली तेव्हा लोक डोंगरावर गेले, जेथे पूर्वी फक्त उन्हाळी चराई होत असे. उतार नांगरले गेले आणि पावसाबरोबर माती निघाली. ‘डोंगा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खोल घळी शेतांच्या मधून फाटत गेल्या. १९३२-३३ च्या दुष्काळात वाऱ्याने उडणारी लाल धूळ आजही लोकस्मृतीत काळाची खूण म्हणून आहे; ‘मोठी धूळ’ असे त्या वर्षाला नाव पडले. १९३५ मध्ये आलेल्या ॲलन पिम यांच्या सरकारी अहवालाने या मातीच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधले आणि बांधबंदिस्तीची कामे सुरू झाली. तोवर बासुटोलँड मका बाहेरून आणणारा देश झाला होता.

माणसे किती गेली, हे जनगणनांतून दिसते. १९११ मध्ये कामासाठी देशाबाहेर असलेल्यांची संख्या पंचवीस हजारांच्या आसपास होती. १९३६ मध्ये ती एक लाखाच्या वर गेली आणि तेव्हा एकूण लोकसंख्या साडेसहा लाखांच्या थोडी पुढे होती. १९१२ मध्ये खाणमालकांच्या संघाने भरतीसाठी स्वतंत्र संस्था काढली आणि तिची कचेरी गावोगावच्या व्यापाऱ्याच्या दुकानाला लागून उभी राहिली. मजुराने करारावर अंगठा द्यायचा, थोडी उचल घ्यायची, त्यातून कर भरायचा, घोंगडी घ्यायची आणि गाडीत बसायचे. कराराची मुदत संपली की त्याला परत पाठवले जाई. कुटुंब बरोबर नेण्याची मुभा नव्हती आणि हजारो पुरुष खाणीजवळच्या बंदिस्त आवारात राहत. खोल विवर सरळ खाली खणत नेण्याच्या कामात, जे खाणीतील सर्वांत धोक्याचे आणि त्यातल्या त्यात बऱ्या पगाराचे काम होते, बासोथोंचा हातखंडा मानला जाई. सोन्याच्या खाणींतील काळ्या मजुरांच्या मजुरीची खरी किंमत १९६० च्या दशकाच्या अखेरीसही १९११ पेक्षा अधिक नव्हती, हे अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस विल्सन यांनी दाखवून दिले आहे. मजुरी इतकी कमी ठेवता आली, कारण मजुराची बायको, मुले आणि म्हातारपण यांचा भार गावाकडच्या शेताने उचलावा असे धरूनच ती ठरवलेली होती. मोडकळीस आलेली ती शेती खाणीला अशा रीतीने अनुदान देत होती.

या व्यवस्थेने घर कसे बदलले, ते १९७० च्या दशकातील एखाद्या खेड्यात स्पष्ट दिसे. त्याआधीच, १९६३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेने सीमा आवळल्या, बासोथो स्त्रियांना तेथे कामासाठी जाणे कायद्याने बंद केले आणि पुरुषांना खाणीचा करार हाच बहुधा एक मार्ग उरला. या दशकाच्या मध्यास सोन्याचा भाव चढला, खाणीतील मजुरी काही वर्षांत दुपटी-तिपटीने वाढली आणि १९७७ मध्ये सुमारे १,२८,००० बासोथो खाणींत होते. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेबारा लाखांच्या आसपास होती. १९७४ च्या कायद्याने मजुरीतील साठ टक्के रक्कम परस्पर लेसोथो बँकेत जमा होई आणि परतल्यावरच हाती पडे. गावात उरत त्या बायका, मुले, म्हातारे आणि खाणीने परत पाठवलेले आजारी. ज्या घरी शेत होते पण बैल नव्हते, आणि ज्या घरी बैल होते पण हात नव्हते, ती घरे ‘सेआहलोलो’ने, म्हणजे आपल्याकडच्या बटाईने, एकत्र येऊन पीक काढीत. मुलगे सहा-सात वर्षांचे झाले की अंगावर घोंगडी गुंडाळून डोंगरावर गुरे राखायला जात आणि महिनोन्महिने चराईच्या झोपडीत राहत. मुली शाळेत जात. त्यामुळे स्त्रियांची साक्षरता पुरुषांहून अधिक, हे जगात विरळा आढळणारे चित्र लेसोथोत पाहायला मिळते. आणि तरीही विवाहित स्त्री कायद्याने अज्ञान, म्हणजे पतीच्या पालकत्वाखाली होती. ही तरतूद २००६ मध्ये रद्द झाली.

खाणीतून परतलेला पुरुष पैशाची गुरे घेई आणि मग दुष्काळातही ती विकायला तयार नसे, याचे परकीय तज्ज्ञांना कोडे पडे. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फर्ग्युसन यांनी ते उलगडले. रोकड घरात असली की तिच्यावर बायकोचा, मुलांचा, आईचा हक्क पोचतो आणि ती चालू गरजांत जाते. तीच गुरांत घातली की पुरुषाच्या ताब्यात राहते, माफिसाने शेजाऱ्याला दिली की गावात मान मिळतो, आणि खाणीचे दार बंद झाल्यावर म्हातारपणी तीच पुंजी उरते. ज्याला निवृत्तिवेतन नाही त्याने केलेली ही तरतूद होती. पण घरातील बाईच्या बाजूने पाहिले तर तीच गुरे तिच्या हाताबाहेर ठेवलेला पैसा होती, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. फर्ग्युसन यांनी आपल्या १९९० च्या ग्रंथात जागतिक बँकेच्या १९७५ च्या अहवालावर घेतलेला आक्षेप मूलभूत आहे : त्या अहवालाने लेसोथोचे वर्णन आधुनिक अर्थव्यवस्थेचा स्पर्श न झालेला पारंपरिक शेतकऱ्यांचा देश असे केले, आणि त्या समजुतीवर थाबा-त्सेकासारखे डोंगरी शेती व पशुपालन सुधारण्याचे प्रकल्प उभारले गेले. ते फसले. शंभर वर्षे ज्या देशाने औद्योगिक खाणी चालवल्या, त्याला उद्योग माहीत नाही असे मानून काढलेल्या योजना फसणारच होत्या.

४ ऑक्टोबर १९६६ रोजी बासुटोलँड लेसोथो म्हणून स्वतंत्र झाला. १९७० च्या निवडणुकीत पराभव दिसताच पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांनी निकाल रद्द करून सत्ता हाती ठेवली. पुढे ते वर्णद्वेषी राजवटीच्या विरोधात गेले, निर्वासितांना आसरा दिला, आणि डिसेंबर १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने मासेरूत रात्री शिरून बेचाळीस माणसे मारली. जानेवारी १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने सीमा बंद केल्या आणि तीन आठवड्यांच्या आत लष्कराने जोनाथन यांना पदच्युत केले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला नव्या राजवटीने दक्षिण आफ्रिकेशी पाण्याचा करार केला. त्यातून १८५ मीटर उंचीचे कात्से धरण झाले आणि १९९८ पासून मालोटीच्या नद्यांचे पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या परिसराकडे वाहू लागले. स्वामित्वशुल्काच्या रूपाने लेसोथोला त्याचा मोबदला मिळतो. बुडालेल्या खोऱ्यांतील शेते मात्र त्या डोंगरातील थोड्या सुपीक जमिनींपैकी होती.

पाणी वाहू लागले त्याच सुमारास माणसांची मागणी आटली. १९९० च्या दशकात सोन्याच्या खाणींनी मजूर कमी केले आणि दहा-बारा वर्षांत तेथील बासोथोंची संख्या निम्म्यावर आली. परतलेल्या पुरुषांबरोबर एचआयव्ही आणि क्षय गावोगावी पोचले. प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बाधित झाला आणि सरासरी आयुर्मान १९९० च्या सुमारास साठीच्या जवळ होते ते २००५ च्या सुमारास चाळिशीत घसरले. घर चालवण्याचा भार आता स्त्रियांवर आला. अमेरिकेच्या २००० मधील व्यापारसवलतीच्या कायद्यामुळे तैवानी मालकांचे कपड्यांचे कारखाने मासेरू आणि मापुत्सोए येथे निघाले, २००४ पर्यंत त्यांत सुमारे पन्नास हजार कामगार होते आणि बहुतेक स्त्रियाच होत्या. जीन पँट शिवणाऱ्या या कारखान्यांचे भवितव्य दूरच्या एका राजधानीतील निर्णयांवर टांगलेले आहे, हे एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने जाहीर केलेल्या पन्नास टक्के आयातशुल्काने पुन्हा दिसले. ते पुढे पंधरा टक्क्यांवर आणले गेले.

खाणीचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत गेल्याने फुप्फुसे कडक होतात. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो खाण सुटल्यावर अनेक वर्षांनी प्रकट होतो. आजारी मजुरांनी एकत्र येऊन दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयात सोन्याच्या खाणकंपन्यांवर दावा लावला, २०१८ मध्ये सुमारे पाच अब्ज रँडची तडजोड झाली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने तिला मान्यता दिली. भरपाईसाठी १२ मार्च १९६५ नंतर खाणीत काम केलेले असणे आवश्यक आहे. त्याआधीच्या जवळजवळ ऐंशी वर्षांत ज्या बासोथोंनी ती विवरे खणली, त्यांच्या वारसांना या तडजोडीतून काहीही मिळत नाही.